इलेक्ट्रिक गाडीच्या इंडक्शन मोटरचा टिकाऊ रोटर : आराखड्यापासून स्पिन टेस्टपर्यंत

काही वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका शेडमध्ये आमच्या टेबलावर एक रोटर, म्हणजे मोटरचा आत फिरणारा भाग, आला. तो जळलेला नव्हता आणि तुटलेलाही नव्हता. ‘गाडी वेगात घुमते’ एवढीच तक्रार त्याच्यासोबत आली होती. बाहेरून तो नव्यासारखा दिसत होता आणि वाइंडिंगचे सगळे आकडे ठीक होते. शेवटी लेथवर एंड रिंगची, म्हणजे रोटरच्या टोकाला सगळे बार जोडणाऱ्या कड्याची, आतली कड अर्धा मिलिमीटर खाली घेतली, तेव्हा तांब्याचा बार जिथे रिंगमध्ये शिरतो तिथे केसासारखी एक काळी रेघ दिसली. शेजारच्या बारवरही तशीच रेघ होती. बाकीचा सगळा रोटर, म्हणजे लोखंड, शाफ्ट आणि बारांचा मधला भाग, आणखी वीस वर्षे सहज चालला असता.

रोटर सहसा सांध्यात मरतो, ही गोष्ट लक्षात ठेवून हा लेख वाचावा. विद्युत-चुंबकीय डिझाइनवर आपण महिने घालवतो, अर्धा टक्का कार्यक्षमतेसाठी भांडतो, आणि बार व रिंग कशी जोडायची, पत्र्यांचा स्टॅक शाफ्टवर किती घट्ट बसवायचा, हे प्रश्न ड्रॉइंगच्या शेवटच्या दिवशी टीपांच्या कोपऱ्यात उरकतो. मी स्वतःही हे केलेले आहे. खालील क्रम त्याच्या उलटा आहे.

आधी समजून घ्यावे : गिरणीची मोटर आणि गाडीची मोटर

पिंजरा रोटर १८८९ मध्ये मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी घडवला, आणि तेव्हापासून त्याच्या मूळ रचनेत फारसा बदल झालेला नाही : पत्र्यांचा स्टॅक, खाचांमध्ये बार, दोन्ही टोकांना त्यांना जोडणाऱ्या रिंगा. पिठाच्या गिरणीची चार पोलची मोटर १४४० आरपीएमच्या आसपास फिरते आणि तिचा रोटर मालकाच्या दोन पिढ्या पाहतो. गाडीतला रोटर १५,००० आरपीएमला फिरतो, म्हणजे दहापटीहून थोडा अधिक. फिरण्यामुळे येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याच व्यासाच्या रोटरवर तो शंभरपटीहून अधिक होतो. गिरणीच्या मोटरवरून घेतलेला कोणताही अंदाज गाडीच्या रोटरला लावू नये, तो इथेच फसतो.

मग गाडीत इंडक्शन मोटर हवीच कशाला, असे कोणी विचारील. कारण तिच्यात मॅग्नेट नसतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मॅग्नेटला लागणाऱ्या डिस्प्रोसियम आणि टर्बियमसह सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हापासून चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या बैठकांमध्ये हा मुद्दा पुन्हा गंभीरपणे घेतला जातो. शिवाय चारही चाके चालवणाऱ्या गाडीत दुसऱ्या अॅक्सलला ही मोटर सोयीची पडते, कारण करंट बंद केला की ती जवळपास ओढ न देता मोकळी फिरते. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये तांब्याच्या पिंजऱ्याचा रोटर होता, २०१८ च्या ऑडी ई-ट्रॉनमध्ये अॅल्युमिनियमचा, आणि आपल्याकडे २०१३ मध्ये आलेल्या महिंद्रा ई२ओमध्येही इंडक्शन मोटरच होती.

पायरी पहिली : रोटरवर काय येणार ते लिहून काढावे

संपूर्ण लेखात एकच नमुना रोटर वापरू, म्हणजे आकडे एकमेकांशी पडताळता येतील. व्यास १४० मि.मी., स्टॅकची लांबी १५० मि.मी., चार पोल, कमाल वेग १५,००० आरपीएम. ओव्हरस्पीड चाचणीसाठी कमाल वेगाच्या १.२ पट, दोन मिनिटे, ही आयईसी ६००३४-१ या मानकातली रीत धरली तर १८,००० आरपीएम. शाफ्टसाठी बोअर ४५ मि.मी. आणि शाफ्टसह वजन सुमारे १८ किलो.

यानंतर तापमान आणि आवर्तने लिहावीत. हिंजवडीला रोज जाणारी गाडी दिवसात दोनशे वेळा वेग घेते आणि थांबते असे धरले, तर वर्षाला ३०० दिवस आणि दहा वर्षे या हिशेबाने सहा लाख आवर्तने होतात. मात्र शहरात मोटर अर्ध्या वेगापर्यंतच जाते आणि अर्ध्या वेगाला ताण पाव असतो, म्हणून ही सहा लाख आवर्तने दिसतात तेवढी घातक नसतात. खरी झीज द्रुतगती मार्गावर पूर्ण वेगाच्या जवळ जाऊन परत शून्यावर येणाऱ्या आवर्तनांमधून होते. ती दिवसाला दहा धरली तरी तीस हजार होतात. फटीगचे, म्हणजे वारंवारच्या ताणाने धातू थकण्याचे, गणित या तीस हजारांवर करावे आणि सहा लाखांची भर नंतर घालावी. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते, मोठा आकडा पाहून घाबरून लहान आकड्याकडे दुर्लक्ष होते.

पायरी दुसरी : धातू निवडताना आधी रिंगचे गणित करावे

तांबे की अॅल्युमिनियम हा वाद सहसा विद्युतवाहकतेवरून होतो. तांब्याची वाहकता सुमारे ५८ आणि शुद्ध अॅल्युमिनियमची सुमारे ३६ मेगासीमेन्स प्रति मीटर, म्हणून तांबे चांगले, असा सरळ निष्कर्ष निघतो. पण तांब्याची घनता ८.९६ आणि अॅल्युमिनियमची २.७० आहे, आणि फिरणाऱ्या रिंगला स्वतःचेच वजन फाडत असते.

पातळ रिंगमधला परिघीय ताण म्हणजे घनता गुणिले परिघीय वेगाचा वर्ग. आपल्या रिंगचा बाहेरचा व्यास १३६, आतला १०४, म्हणजे सरासरी त्रिज्या ६० मि.मी. आहे. १५,००० आरपीएमला तिथला वेग सेकंदाला ९४ मीटर येतो आणि तांब्यात सरासरी ताण सुमारे ८० मेगापास्कल. रिंग पातळ नसल्यामुळे आतल्या कडेला तो ९५ पर्यंत चढतो, आणि १८,००० ला तोच आकडा सुमारे १३७ होतो. अॅल्युमिनियममध्ये आतल्या कडेचे हेच आकडे अनुक्रमे सुमारे २९ आणि ४१ येतात.

आता ताकद पाहू. थंड ओढून काढलेल्या तांब्याची यील्ड ताकद, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जाऊ लागतो ती, २०० मेगापास्कलच्या वर असते, त्यामुळे कॅटलॉग पाहणाऱ्याला वाटते की भरपूर शिल्लक आहे. ब्रेझिंगच्या (दुसरा धातू वितळवून सांधा भरण्याच्या) भट्टीतून किंवा ज्योतीखालून गेल्यावर तेच तांबे मऊ पडते आणि यील्ड साधारण ५० ते ७० वर येऊन थांबते. ओतलेल्या शुद्ध अॅल्युमिनियमची यील्ड तर २५ ते ३५ च्या आसपासच असते. म्हणजे आपल्या नमुना रोटरमध्ये दोन्ही धातू त्यांच्या शुद्ध रूपात नापास होतात. या वेगाला सगळ्यांनाच हा आकडा दिसतो आणि इथूनच खरे डिझाइन सुरू होते.

यातून बाहेर पडायचे मार्ग तीन. पहिला म्हणजे मिश्रधातू. तांबे-क्रोमियम-झिर्कोनियममध्ये वाहकता शुद्ध तांब्याच्या पाऊणपट ते चार-पंचमांश राहते आणि ताकद अनेक पटींनी वाढते, परंतु ती ताकद साधारण ४५० ते ५०० अंशांवरच्या एजिंगमधून, म्हणजे मुद्दाम तापवून ठेवण्यातून, आलेली असते आणि ७०० अंशांवर ब्रेझिंग केले की ती निघून जाते. म्हणून हा धातू निवडला तर सांधा इलेक्ट्रॉन बीम किंवा फ्रिक्शन स्टर वेल्डिंगसारख्या, उष्णता थोड्याच जागेत ठेवणाऱ्या पद्धतीने करावा लागतो. दुसरा मार्ग, वेग किंवा व्यास कमी करणे. तो कोणालाच आवडत नाही, पण गिअरचे प्रमाण बदलायला वाव असेल तर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि निदान एकदा तो कागदावर तपासावा. तिसरा मार्ग म्हणजे रिंगवर बाहेरून घट्ट बसवलेली आधाराची कडी.

या कडीच्या धातूविषयी थोडे थांबून सांगायला हवे. तांब्याचा प्रसरणांक दर अंशाला दशलक्षांश १७, साध्या पोलादाचा १२. साध्या पोलादाची कडी घातली, तर रोटर १२० अंशांनी तापल्यावर १३६ मि.मी. व्यासावर तांबे कडीपेक्षा सुमारे ०.०८ मि.मी. अधिक फुगू पाहते. कडी त्याला फुगू देत नाही, मऊ तांबे आतल्या आत दाबले जाऊन कायमचे बसते, आणि रोटर थंड झाल्यावर कडी सैल पडते. सकाळी कारखान्यात घट्ट असलेली कडी पहिल्या उन्हाळ्यानंतर हाताने हलते, ती यामुळे. ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलादाचा प्रसरणांक १६-१७ च्या घरात असतो, तांब्याशी तो जवळजवळ जुळतो, आणि ते अचुंबकीय असल्याने रिंगभोवतीची चुंबकीय गळतीही वाढत नाही. मी तांब्यासाठी डोळे मिटून हेच घेतो, आणि मग ताकदीची ग्रेड ठरवतो.

पायरी तिसरी : बार आणि खाच

इन्व्हर्टरवर चालणारी मोटर कधीही थेट लाइनवर सुरू होत नाही. त्यामुळे सुरुवातीचा टॉर्क वाढवणारे खोल बार किंवा दुहेरी पिंजरा यांची इथे गरज नसते. जुन्या पुस्तकांतली खाचेची चित्रे बाजूला ठेवावीत. बार आता प्रतिकार कमी राहील आणि यांत्रिक बळ नीट उतरेल एवढ्याच दोन हेतूंनी आखायचा असतो.

४ बाय १५ मि.मी. छेदाचा तांब्याचा बार घेतला तर स्टॅकमधल्या भागाचे वजन ८१ ग्रॅम भरते, चहाच्या कपातल्या चहाइतके. १५,००० आरपीएमला तोच बार बाहेरच्या दिशेने सुमारे १२ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास सव्वा टनाने ढकलत असतो. अॅल्युमिनियमचा तेवढाच बार पावणेचारशे किलोंनी ढकलतो. हे ओझे पेलायला खाचेच्या तोंडावरचा पत्र्याचा पातळ पूल, ज्याला आपण ब्रिज म्हणतो, तेवढाच असेल तर काय होते ते पाहावे. दोन्ही टोकांना पक्क्या तुळईचे साधे सूत्र लावले, तर १ मि.मी. जाडीच्या ब्रिजमध्ये वाकण्याचा ताण सुमारे १६३ मेगापास्कल येतो आणि ०.६ मि.मी. जाडीला ४५०. स्टॅम्पिंगच्या साध्या सिलिकॉन स्टीलची यील्ड ३५० ते ४५० च्या घरात असते, आणि पंचने कापलेल्या कडेवर बारीक ओरखडे असल्यामुळे फटीगला त्याहून बरेच कमी मिळते.

चुंबकीय डिझाइन करणारा सहकारी गळती कमी करण्यासाठी ब्रिज पातळ मागतो आणि यांत्रिक बाजू तो जाड मागते. हे भांडण ब्रिजच्या जाडीवर सोडवू नये, बारच्या आकारावर सोडवावे. बार तोंडाकडे निमुळता केला की तो दाताच्या खांद्यांवर टेकतो, बळ दातांतून सरळ आत जाते आणि ब्रिजवर फक्त पत्र्याचे स्वतःचे वजन राहते. खाचेच्या कोपऱ्यांची त्रिज्या ०.५ मि.मी. हून कमी असू नये. डाय बनवणारे याला कुरकुर करतात, पण काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो हे त्यांना एक कापलेला नमुना दाखवला की पटते.

बारांची संख्या स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या स्थिर भागाच्या, खाचांइतकी कधीही ठेवू नये, आणि फरक एकचा असू नये. पहिल्यात रोटर अडकतो, दुसऱ्यात एका बाजूला ओढ बसून बेअरिंग लवकर जाते. पत्र्याच्या कॉइलची जाडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किंचित बदलते, म्हणून स्टॅक रचताना पत्रे ठरावीक संख्येने ९० किंवा १८० अंशांतून फिरवत जावेत, नाहीतर स्टॅक पाचरीसारखा होतो आणि दाबून बसवल्यावर शाफ्टला बाक येतो.

पायरी चौथी : सांधा

बार आणि रिंग जिथे भेटतात तिथे तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. रिंग अपकेंद्री बलाने फुगते आणि बाराचे टोक बाहेर वाकवते. तापल्यावर बार लोखंडापेक्षा अधिक लांब होतो, १५० मि.मी. लांबीवर १२० अंशांच्या वाढीला तांब्याचा फरक ०.०९ मि.मी. आणि अॅल्युमिनियमचा ०.२ मि.मी. येतो. तिसरी गोष्ट म्हणजे रिंगही लोखंडापेक्षा अधिक फुगते आणि त्रिज्येच्या दिशेने पुन्हा बारालाच ओढते. हे सगळे वाकणे बाराच्या ज्या तुकड्यात सामावले जाते तो म्हणजे स्टॅक संपल्यापासून रिंग सुरू होईपर्यंतचा मोकळा भाग. तो फार लांब ठेवला तर बार डोलतो, अजिबात ठेवला नाही तर सगळी विकृती ब्रेझिंगच्या एका रेघेत एकवटते. आमच्या टेबलावरच्या त्या रोटरमध्ये रिंग स्टॅकला चिकटून बसवलेली होती, लांबी वाचवण्यासाठी. या आकाराच्या रोटरला मी दोन ते चार मि.मी. ठेवतो आणि नेमका आकडा एका बाराच्या पाचरीएवढ्या भागाचे त्रिमितीय एफईए, म्हणजे संगणकावर ताणाचे विश्लेषण, करून ठरवतो. त्या मॉडेलमध्ये दोन पथ्ये पाळावीत : सांध्याभोवतीचे तांबे मऊ झालेले धरावे, आणि १८,००० आरपीएम व कमाल तापमान एकत्र लावून पाहावे. वेगळे वेगळे लावल्यास दोन्हीही पास होतात.

ब्रेझिंगसाठी तांबे-चांदी-फॉस्फरस मिश्रधातू सर्रास वापरला जातो. त्यात चांदी १५ टक्के आणि फॉस्फरस ५ टक्के असतो, तो सुमारे ६४५ अंशांना वितळू लागतो आणि ८०० च्या आसपास पूर्ण पातळ होतो. तांबे तांब्याला जोडताना फॉस्फरसच फ्लक्सचे, म्हणजे ऑक्साइड साफ करण्याचे, काम करतो, म्हणून वेगळा फ्लक्स लागत नाही. परंतु हाच भराव पोलादाला लागला तर लोखंडाचे ठिसूळ फॉस्फाइड तयार होते, म्हणून आधाराची कडी कधीही या भरावाने चिकटवू नये. सांध्यातली फट ०.०५ ते ०.१२ मि.मी. ठेवावी. त्याहून मोठ्या फटीत भराव केशाकर्षणाने चढत नाही, नुसता वरून भरलेला दिसतो.

ब्रेझिंगची उष्णता स्टॅकच्या शेवटच्या पत्र्यांवर पडून त्यांचे कोटिंग जळते, हे सगळ्यांना ठाऊक असते. तांब्याची जात मात्र बहुतेक जण विचारत नाहीत. एका कामात मी ड्रॉइंगवर नुसते ‘विद्युत दर्जाचे तांबे’ लिहिले. पुरवठादाराने साधे टफ-पिच तांबे दिले, जे वाहकतेला उत्तम असते पण ज्यात थोडा ऑक्सिजन उरलेला असतो. हायड्रोजन असलेल्या ज्योतीत किंवा भट्टीत असे तांबे तापवले की हायड्रोजन आत शिरतो, ऑक्साइडशी मिळून वाफ तयार करतो, आणि ती वाफ कणांच्या सीमा आतून उकलते. त्या बॅचमधला एक बार मी व्हाइसमध्ये धरून वाकवला. तांब्याचा बार घडीसारखा दुमडला पाहिजे. हा खारी बिस्किटासारखा खाडकन मोडला. चूक पुरवठादाराची नव्हती, ड्रॉइंगची होती. तेव्हापासून मी ‘ऑक्सिजनमुक्त तांबे’ असे शब्द ठळक लिहितो आणि प्रत्येक बॅचमधून एक बार ब्रेझिंगचे तापमान दाखवून वाकवून पाहतो. त्याला पाच मिनिटे लागतात.

अॅल्युमिनियमच्या ओतकामात सांधा वेगळा नसतो, बार आणि रिंग एकाच वेळी भरतात; पण तिथे छिद्रांचा प्रश्न असतो. दोन बाजूंनी आलेले वितळलेले धातूचे प्रवाह बाराच्या मध्यात थंड होऊन भेटले की तिथे नुसती शिवण पडते. साधा उपाय म्हणजे प्रत्येक रोटरचे वजन करणे : पत्रे आणि शाफ्ट वजा केल्यावर अॅल्युमिनियम किती भरले ते कळते आणि हलका रोटर बाजूला काढता येतो. पहिल्या बॅचचा मात्र एक्स-रे काढावाच. गिरणीच्या मोटरच्या रिंगवर पंख्याची पाती आणि वॉशर बसवायच्या पिना सोबत ओतलेल्या असतात. या वेगाला त्या ठेवू नयेत, प्रत्येक पिनेच्या मुळाशी तडा जायला जागा मिळते.

पायरी पाचवी : घाटातली उष्णता

रोटरमधली तांब्याची हानी म्हणजे टॉर्क गुणिले स्लिपचा (फिरते चुंबकीय क्षेत्र आणि रोटर यांच्या वेगातल्या फरकाचा) कोनीय वेग, आणि या गणितात गाडीचा वेग कुठेच येत नाही. भरलेली गाडी खोपोलीहून खंडाळ्याकडे वाहनांच्या रांगेत हळू चढत असेल आणि मोटर १५० न्यूटन-मीटर देत असेल, तर ४ हर्ट्झ स्लिपला चार पोलच्या रोटरमध्ये सुमारे १.९ किलोवॉट उष्णता तयार होते. बंद डब्यात दोन इस्त्र्या लावून ठेवाव्यात तसे ते आहे, आणि रोटरला बाहेर जायला वाट फक्त हवेची फट आणि शाफ्ट. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणून २० वरून १५० अंशांवर गेल्यावर तो दीडपट होतो, तेवढ्याच टॉर्कला स्लिप ६ हर्ट्झ लागते आणि हानी २.८ किलोवॉटच्या पुढे जाते. उष्णतेने उष्णता वाढण्याचे हे चक्र कंट्रोलरने टॉर्क कमी केल्याशिवाय स्वतःहून थांबत नाही.

म्हणून गाडीच्या रोटरला आतून थंड करावे. ऑडी ई-ट्रॉनमध्ये कूलंट पोकळ शाफ्टमधून फिरवलेला आहे; अनेक ठिकाणी गिअरबॉक्सचे तेल शाफ्टमधून नेऊन रिंगांवर उडवतात. दुसऱ्या पद्धतीत तेल हवेच्या फटीत शिरून ओढ वाढवणार नाही एवढे पाहावे. फटीविषयी आणखी एक : ०.६ मि.मी. फट ठेवली असेल तर १५,००० आरपीएमला अपकेंद्री बलाने रोटरची त्रिज्या जेमतेम ०.०१ मि.मी. वाढते, पण १२० अंशांच्या तापण्याने ०.१ मि.मी. वाढते. फट वेग नव्हे, उष्णता खाते.

पायरी सहावी : स्टॅक आणि शाफ्टची घट्ट बसवण

स्थिर उभ्या रोटरवर घट्ट वाटणारा स्टॅक वेगात शाफ्टवर मोकळा होऊ शकतो. आपल्या नमुन्यात १५,००० आरपीएमला ४५ मि.मी. चे बोअर अपकेंद्री बलाने व्यासात सुमारे १८ मायक्रॉन मोठे होते, १८,००० ला २५ मायक्रॉन. शाफ्ट आतून तेलाने थंड आणि स्टॅक ३० अंशांनी गरम असेल तर आणखी १६ मायक्रॉन जातात. म्हणजे ४१ मायक्रॉन निव्वळ खर्ची पडले, आणि टॉर्क पेलण्यासाठीचा दाब अजून शून्य आहे. टॉलरन्सच्या सर्वांत सैल टोकालाही ५५ ते ६० मायक्रॉन इंटरफिअरन्स (शाफ्ट बोअरपेक्षा जेवढा मोठा तो फरक) उरेल अशी बसवण ठरवावी, आणि मग दुसऱ्या टोकाला, म्हणजे सर्वांत घट्ट जोडीत, बोअरच्या कडेचा ताण पत्र्याच्या यील्डखाली राहतो का ते तपासावे. चावीची खाच टाळावी. तिच्या कोपऱ्यात ताण साठतो आणि समतोलही बिघडतो.

शाफ्टचा पहिला वाकण्याचा क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला शाफ्ट अनुनादाने थरथरू लागतो तो, ओव्हरस्पीडच्या निदान २० टक्के वर ठेवावा आणि हिशेबात स्टॅकचा कडकपणा मोजू नये, तो फुकटचा बोनस समजावा. बेअरिंगला इन्व्हर्टरच्या करंटपासून वाचवण्यासाठी सिरॅमिक गोळ्यांचे हायब्रिड बेअरिंग किंवा शाफ्ट अर्थिंग रिंग घ्यावी.

पायरी सातवी : बॅलन्सिंग आणि चाचणी

आयएसओ २१९४०-११ मधली जी २.५ ही श्रेणी लावली तर १५,००० आरपीएमला गुरुत्वमध्य अक्षापासून फक्त १.६ मायक्रॉन सरकलेला चालतो. १८ किलोच्या रोटरला हे दोन प्रतलांत प्रत्येकी १४ ग्रॅम-मिलिमीटर होते, म्हणजे ५५ मि.मी. त्रिज्येवर पाव ग्रॅम. आता यात रिंगचा विचार करावा. १८ मि.मी. जाडीची आपली तांब्याची रिंग जवळपास एक किलोची आहे. ती एका बाजूला ०.०२ मि.मी. सरकली की २० ग्रॅम-मिलिमीटर झाले, म्हणजे एका बाजूची सगळी मुभा संपून वर उधारी झाली.

यामुळे क्रम असा ठेवावा : आधी कच्चे बॅलन्सिंग, मग ओव्हरस्पीडला पूर्व-स्पिन, म्हणजे रिंगला जे काही कायमचे बसायचे ते तिथेच बसेल, आणि त्यानंतर अंतिम बॅलन्सिंग. बॅलन्सिंगसाठी एंड रिंगमध्ये ड्रिल मारू नये. सर्वांत जास्त ताण असलेल्या भागातच आपण भोक पाडत असतो. त्याऐवजी शाफ्टवर वेगळ्या पोलादी बॅलन्सिंग डिस्क घ्याव्यात आणि मटेरियल तिथून काढावे.

पुण्यात पॉवर मोजून प्रमाणित करण्याची सोय एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेमध्ये आहे आणि एआयएस-०४१ या मानकानुसार निव्वळ व ३० मिनिटांची पॉवर मोजली जाते, पण त्या प्रमाणपत्रावरून रोटर किती वर्षे चालेल ते कळत नाही. त्यासाठी स्वतःची स्पिन चाचणी आखावी लागते. मजबूत कवचाच्या पिटमध्ये गरम रोटर जवळजवळ शून्यापासून कमाल वेगापर्यंत आणि परत, असा हजारो वेळा फिरवावा. दर ठरावीक आवर्तनांनंतर रिंगचा बाहेरचा व्यास आठ ठिकाणी मोजावा आणि असमतोल किती आहे त्याबरोबर कोणत्या कोनात आहे हेही नोंदवावे. आकडा तोच राहून कोन फिरत असेल तर स्टॅक किंवा कडी सरकते आहे. व्यास दर खेपेला थोडा थोडा वाढत असेल तर रिंग पसरते आहे. पहिल्या काही आवर्तनांत वाढून थांबला तर चिंता नाही. मोटर जोडून चालवताना करंटच्या वर्णपटात मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना स्लिपच्या दुप्पट अंतरावर शिखरे दिसू लागली की एखादा बार तुटल्याची शंका घ्यावी.

चाचणी पास झालेला पहिला रोटरसुद्धा कापावा. हे सांगितले की खरेदी विभाग कपाळाला हात लावतो. रिंग सांध्यातून आडवी कापून पॉलिश करावी, भराव फटीत पूर्ण चढला आहे का, बाराच्या कोपऱ्याशी कण मोठे झाले आहेत का आणि शेवटच्या पत्र्याच्या कोटिंगचा रंग किती आतपर्यंत बदलला आहे, हे भिंगाखाली पाहावे, आणि त्या कापाचे फोटो ब्रेझिंग करणाऱ्या कारागिराच्या बाकासमोर लावावेत.